रिकाम्या भांड्याची दृष्ट

माझ्या आयुष्यात दोन चिवट गोष्टी आहेत. पहिली माझ्या सासूबाई आणि दुसरी गुडघ्यात बसवायचं प्लास्टिक. सकाळी पहिलीशी हुज्जत घालून सर्वणहून निघायचं, दिवसभर दुसरीशी झटापट करायची आणि संध्याकाळी परत पहिलीच्या तावडीत. मधल्या बसप्रवासात काय तो जीव शांत असतो.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची तपासणीची लॅब आहे. पाणी, खत, सिमेंट असलं काय काय येत असतं. त्यात हे प्लास्टिक म्हणजे मानाचा पाहुणा. पांढरीशुभ्र, हाताला मेणासारखी लागणारी कांडी. तिच्यापासून पुढे गुडघ्यातली वाटी बनते आणि ती माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं राहते. म्हणून तिच्यात लोखंड, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम असल्या धातूंचा अगदी सूक्ष्म अंशसुद्धा मोजून बघावा लागतो. तो मोजणारं यंत्र आमच्याकडे आहे, पण त्याचे खाण्याचे नखरे फार. त्याला पाण्यासारखं पातळच लागतं. तेव्हा कांडीचं पाणी करणं हे माझं काम. श्रेय यंत्राला, घाम मला.

आणि ही कांडी सहजासहजी पाणी होत नाही. करवत लावली तर तापून मऊ पडते आणि कडेला शेंबडासारख्या तारा निघतात. कानस लावली तर कानशीच्या दातांत रुतून बसते. हातोडा मारला तर हातोडाच उडी मारून परत येतो. सुरुवातीला एकदा मी इतकी वैतागले, की घरून आदोळी घेऊन आले. आदोळी म्हणजे आमच्याकडची विळी, पाटावर बसून जिच्यावर मासे कापतात ती. लॅबच्या फरशीवर फतकल मारून मी विसवण, म्हणजे सुरमई, कापावी तशी ती कांडी कापली. काम झालं, पण आदोळीची धार कामातून गेली.

सासूबाईंना आम्ही मांय म्हणतो. मांयने संध्याकाळी बांगडे कापायला घेतले आणि घर डोक्यावर घेतलं.

"गो, ही आदोळी कोणी अशी केली? ह्या धारेन आता केळा सुदीक कापूचा नाय!"

मी सांगितलं, की गुडघ्यात बसवायचं प्लास्टिक कापलं. मांयचे गुडघे पायरी चढताना करकर वाजतात. तिने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग आदोळीकडे.

"म्हणजे जेनी माझी आदोळी मोडली, ताच माझ्या पायात घालतले?"

"तुमची इच्छा असेल तर."

"माका नको. माझा हाड बरा."

आदोळीने कापलेल्या त्या तुकड्यांत पुढे यंत्राला इतकं लोखंड सापडलं, की साहेबांनी विचारलं, कांडी तपासली की आदोळी? तेव्हापासून मी कानाला खडा लावला. आता चिनी मातीच्या पात्याची सुरी आहे. तिने कांडीचे तांदळाएवढे कण करायचे, ते आम्लात विसळायचे, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायचे. त्या थंडीत गुलाबाचं फूल काचेसारखं फुटतं. ही बया मात्र तिथेही वाकते, मोडत नाही. गोठव, आपट, परत गोठव, परत आपट, असं करत तिची भुकटी करायची. त्या भुकटीची चिमूटभर बंद भांड्यात घालायची, वर तीव्र आम्ल ओतायचं आणि भांडं खास मायक्रोवेव्हमध्ये हळूहळू तापवायचं. घाई केली, की आत वायूचा दाब चढून सगळं वाया. सासुरवासात शिकलेला धीर मला इथे उपयोगी पडला.

आता ह्या गोष्टीतलं खरं पात्र सांगते. ते म्हणजे कोरं भांडं. दर वेळी एक भांडं असं ठेवायचं, की ज्यात प्लास्टिक नाही, नुसतं आम्ल. बाकी भांड्यांचं जे जे होईल ते ते त्याचंही करायचं. शेवटी त्यात काहीच सापडता कामा नये. सापडलंच, तर तो दोष प्लास्टिकचा नव्हे, आमचा. आमच्या हाताचा, हवेचा, पाण्याचा. कोरं भांडं म्हणजे आमचा चुगलखोर.

आणि आमच्या चुगलखोराला कायम लोखंड सापडायचं. सापडेल नाही तर काय! डिचोलीत राहून लोखंड नको म्हणणं म्हणजे मांद्र्याच्या किनाऱ्यावर राहून रेती नको म्हणण्यासारखं आहे. खाणीचे ट्रक रस्त्याने जातात, लाल धूळ जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फटीतून आत येते, कपाटात बसते, कुंकू लावल्यासारखी कपाळावर बसते. माझा नवरा मुरगावच्या बंदरात कामाला आहे, तिथे खनिज जहाजांत भरतात. म्हणजे नवरा जहाज भरभरून लोखंड बाहेर पाठवणार आणि बायको इथे त्याचा कणही नाही म्हणून सिद्ध करणार. संसार असा चालला होता.

एके दिवशी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डिचोलीची हवा असल्या नाजूक कामाला लायक नाही. गणेशचवथीनंतर पाहणी करणारे येतील. तोवर कोरं भांडं साफ आलं तर ठीक, नाही तर यंत्र पुण्याला हलवायचं. आणि यंत्राबरोबर यंत्र चालवणारी. म्हणजे मी. यंत्राच्या खोक्यात सोबत टाकलेल्या वायरीसारखी.

मला जायचं नव्हतं. नवरा सुट्टीला मुरगावहून सर्वणला येतो, पुण्याला कुठून येणार? घरामागच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मी माझ्या हाताने लावलेल्या पोफळी आता कुठे सुपारी धरायला लागल्या होत्या. आणि त्या मोठ्या शहरात, भाड्याच्या खोलीत, एकटीने किती दिवस काढणार. नोकरी सोडावी तर तेही मनाला पटेना, इतक्या वर्षांनी जमलेलं काम.

घरी येऊन मांयला सांगितलं. ती खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, "जा तर. माझी आदोळी तरी सुखान ऱ्हवात."

मला ते लागलं. वाटलं, इतकी वर्षं ह्या बाईची भाकरी भाजली, हिचे गुडघे चोळले, आणि हिला आदोळीची पडली आहे. त्या दिवशी मी आमटीत मुद्दाम तिरफळं जास्त घातली. मांयला तिरफळं आवडत नाहीत. तिने एकेक वेचून ताटाच्या कडेला रांग लावली आणि एक शब्द बोलली नाही. हे खरं तर मला खटकायला हवं होतं.

लॅबमध्ये मात्र युद्धाची तयारी सुरू झाली. आमचे साहेब बेळगावचे. सडपातळ, कडक इस्त्रीचे, विज्ञानाचे कट्टर भक्त. त्यांनी नियमांची सरबत्ती लावली. चपला बाहेर. जनेलं चिकटपट्टीने बंद. गजरा नको, बांगड्या नकोत, तोंडाला पावडर नको. भिंतीवर एक देवीची तसबीर होती, तिच्यापुढे सकाळी उदबत्ती लागायची. साहेबांनी ती स्वतः उतरवली.

"राख उडते ओ. श्रद्धा असूं दे, पण दाराच्या बाहेर. आत फक्त विज्ञान."

माझी जोडीदारीण मांद्र्याची. तिच्या घरच्यांचं समुद्राजवळ पाहुण्यांना खोल्या देण्याचं काम आहे. पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या सनस्क्रीनच्या बाटल्यांवर ती वर्षभर गोरी राहते. तिच्या त्या मलमात टायटॅनियम, जस्त, काय काय असतं. तेही बंद झालं.

"गो, लावलां नाय तर माझा तोंड सुक्या बांगड्यासारखा होता," ती कुरकुरली. पण माझ्यासाठी तिने ते सोडलं. मी गेले तर डब्यातली सुकटीची किसमूर कोणाबरोबर खाणार, असं ती म्हणायची. निदान एका माणसाला तरी मी हवी आहे, एवढं मला तेव्हा पुरलं.

आम्ही दोघींनी भांडी आम्लात भिजवली, धुतली, परत भिजवली. फरशी ओल्या फडक्याने इतकी पुसली, की तिची नक्षी फिकी झाली. आणि काय सांगू, लोखंड उतरायला लागलं. आज थोडं, उद्या थोडं. चवथ जवळ आली तोवर कोऱ्या भांड्यातलं लोखंड जवळजवळ दिसेनासं झालं. लाल धुळीच्या गावात! मी एकटीच बसमध्ये हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

चवथीला साहेब आमच्याकडे गणपती बघायला आले. दर वर्षी येतात. बेळगावला त्यांचं घर, इथे एकटेच, त्यामुळे करंज्यांसारख्या नेवऱ्या आणि भाज्यांचं खतखतं बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते विज्ञानात बसत नाही. मी नेवऱ्या तळत होते, घाणा सोडून उठता येईना. मांय त्यांना घेऊन परसात भोपळ्याचा वेल दाखवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, वेल काय एवढा बघतायत! परत आले तेव्हा साहेबांच्या पँटचा खिसा फुगलेला होता. मांयने सुपाऱ्या दिल्या असतील असं मी धरून चालले. जाताना साहेब मला म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. सगळं नीट होतंय बघा." इतक्या ठामपणे ते कधी बोलत नाहीत.

चवथीनंतर लॅब उघडली आणि कोऱ्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियम निघालं.

थोडंथोडकं नव्हे, भरपूर. आधी कधीच नव्हतं. ह्या प्लास्टिकच्या कामात अ‍ॅल्युमिनियम म्हणजे तर मोठं पाप, कारण प्लास्टिक बनवतानाच्या रसायनातून ते मागे राहू शकतं. गिऱ्हाइकाला तेच तर जाणून घ्यायचं असतं. आता आमच्या रिकाम्या भांड्यातच ते असेल तर प्लास्टिकमधलं कुठलं आणि आमचं कुठलं, हे कोण सांगणार? पाहणी तोंडावर आली होती. पुण्याच्या खोलीची भिंत मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

मी सगळ्यांवर संशय घेतला. सगळ्यात आधी मांद्र्याच्या बिचारीवर.

"तोंड पुढे कर," मी म्हटलं आणि ओल्या कापसाने तिचा गाल पुसून घेतला. तो तपासला. काही नाही. तिने माझ्याशी बोलणं सोडलं, आणि किसमूर तिने एकटीने खाल्ली. मग आम्लाची नवी बाटली उघडली. पाणी बदललं. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेले डबे दाराबाहेर ठेवले. तरी ते येतच राहिलं. आणि एक विचित्र गोष्ट. दर वेळी अ‍ॅल्युमिनियमबरोबर पोटॅशियमही तेवढ्याच प्रमाणात वर जायचं. एक वाढलं की दुसरं वाढायचं. हे दोघे हातात हात घालून कुठून येतायत, ते काही केल्या कळेना.

साहेबही कासावीस झाले होते. रोज सकाळी मी पोचायच्या आधी ते हजर. "आज येतंय का बघा," म्हणून यंत्रापाशी उभे राहायचे, आणि आकडा बघून त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. "आणखी वाढवायला पाहिजे," असं एकदा ते स्वतःशीच पुटपुटले. काय वाढवायला पाहिजे, ते मी विचारलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं.

उत्तर मला घरी मिळालं, तेही गाईपाशी.

आमची गाय दूध कमी द्यायला लागली, तशी मांयने तिची दृष्ट काढली. मांय कोणाचीही दृष्ट काढते. गाईची, भोपळ्याच्या वेलाची, नव्या फ्रिजची, माझ्या नवऱ्याच्या स्कूटरची. तुरटीचा खडा घ्यायचा, ज्याला दृष्ट लागली त्याच्यावरून ओवाळायचा, तोंडाने म्हणायचं आणि खडा न्हाणीच्या चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचा. तुरटी फसफसते, फुगते, पांढरी पोकळ होते. मग तिचा आकार बघायचा. ज्याची नजर लागली त्याचं तोंड त्यात दिसतं म्हणे. मांयला त्यात कायम आमची शेजारीण दिसते.

मी आंघोळीचं पाणी काढत होते. मांयने फुगलेला खडा चिमट्याने बाहेर काढला आणि तो भुसकन फुटला. पांढरी भुकटी उडून माझ्या काळ्या गाऊनवर बसली. मी ती झटकायला हात उचलला आणि हात तसाच राहिला. तुरटी. तुरटीत काय असतं? शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम, हातात हात घालून.

"मांय, तुमचा मोठा खडा होता ना डब्यात? मुठीएवढा. तो कुठे गेला?"

मांय अचानक गाईला वैरण घालायला निघाली. "संपलो," ती पाठमोरीच म्हणाली. "दिष्ट काय कमी आसा ह्या घरात?"

मी थोडी भुकटी पुडीत घेतली आणि लॅबमध्ये तपासली. दोघांचं प्रमाण हुबेहूब तेच. म्हणजे आमच्या लॅबमध्ये कोणीतरी तुरटी जाळत होतं. पण कोण? मांद्र्याची तर बोलायलाच तयार नव्हती. मग मी एक बेत केला. दुसऱ्या दिवशी पदेर पाव टाकायला यायच्या आधी घर सोडलं, पहिली बस धरली आणि लॅबच्या मागच्या दाराने, चपला हातात घेऊन आत गेले. चोर पकडायला जाताना मी स्वतःच चोरासारखी दिसत असणार, पण तेव्हा मला त्यातही मजा वाटत होती.

आत दिवा लागलेला होता. जिथे आम्ही आम्लाची भांडी उघडतो, त्या धूर ओढणाऱ्या काचेच्या कपाटापुढे आमचे साहेब उभे होते. अंगात ऍप्रन, डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे, डोक्यावर टोपी, सगळं नियमाप्रमाणे. हातात तुरटीचा खडा. तो ते माझ्या धुऊन ठेवलेल्या भांड्यांवरून ओवाळत होते आणि चक्क इकडच्या बोलीत, पण बेळगावच्या हेलात म्हणत होते:

"आयल्या-गेल्याची, काळ्या-गोऱ्याची, शेजाऱ्या-पाजाऱ्याची, पुण्यातल्या ऑफिसाची, पाहणी करणाऱ्यांची, हितनं तितनं जी काय लागली असंल ती दिष्ट जाऊं दे की गो माये…"

मग त्यांनी तो खडा कपाटातल्या तापलेल्या हॉटप्लेटवर ठेवला. तो फुगायला लागला. साहेब वाकून, गॉगल वर करून, त्याचा आकार निरखून बघू लागले.

"कोण दिसतंय, साहेब?" मी मागून विचारलं.

साहेब इतके दचकले, की टोपी हॉटप्लेटवर पडली. आम्ही दोघांनी मिळून ती विझवली. नंतर ते खुर्चीत बसले.

"मॅडम, माझा ह्याच्यावर विश्वास नाही, हे आधी ध्यानात घ्या."

"दिसलंच."

"नाही ओ, खरंच. पण काय तर करायला पाहिजे का नको? लोखंड कमी झालं, म्हटलं आता दृष्ट लागाय नको. आणि तुम्ही एवढं कष्ट करालाय, तर आपलंही काय तर…" त्यांनी हातमोजे ओढून काढले. "मी आकडा वाढला की डोस वाढवत होतो."

मी हसायला लागले. थांबताच येईना. खुर्चीला धरून मी हसत होते आणि साहेब लाल होत होते. रोज सकाळी हा विज्ञानाचा भक्त माझ्या स्वच्छ भांड्यांवर तुरटी ओवाळत होता, त्यांच्याच शेजारी ती जाळत होता, तिची भुकटी उडून कोऱ्या भांड्यात पडत होती. अ‍ॅल्युमिनियम वाढलं, की दृष्ट जबर आहे म्हणून उद्या आणखी मोठा खडा. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी गॉगल काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे तुम्हांला पुण्याला मीच पाठवत होतो की."

"पण हे सुचलं कुठून तुम्हांला? हा मंत्र बेळगावचा नव्हे."

साहेबांनी जळकी टोपी उलटसुलट करून बघितली. मी हॉटप्लेटवरचा तो नारळाच्या वाटीएवढा फुगलेला तुकडा चिमट्याने उचलला. तो कोणाच्या डब्यातला आहे हे मला एव्हाना कळलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सांगू नको म्हणाल्यात ओ त्या," साहेब शेवटी म्हणाले. "चवथीला मला भोपळ्याच्या वेलाखाली नेऊन खडा दिला, सगळं शिकवलं. दोनदा पाठ करून घेतलं. मी म्हटलं, मावशी, हे असलं आमच्यात चालत नाही. तर हात जोडून उभ्या राहिल्या. मी काय करू सांगा? म्हणाल्या, साहेबानू, माझी सून लई वंगाळ आसा…"

"वंगाळ? मांय वंगाळ नाही म्हणत. वायट म्हणते."

"तेच ते. वायट आसा, उलट बोलता, आमटीत तिरफळां घालता. पण ती पुण्याक गेली तर मी भांडू कोणावांगडा?"

मी हसायची थांबले. खिडकीबाहेर पहिला ट्रक धूळ उडवत गेला. साहेब म्हणाले, "रडू नका ओ, भांड्यात पडेल. त्यातही सोडियम असतंय." मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग आम्ही दोघांनी ते काचेचं कपाट आतून-बाहेरून पुसायला घेतलं. मांद्र्याची आली, तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती जमिनीवर बसून हसली आणि माझ्याशी परत बोलायला लागली. तिच्या गालाची मी माफी मागितली.

कोरं भांडं पाहणीच्या आधी कोरं झालं. पुण्याने विचारलं, मध्येच ते अ‍ॅल्युमिनियम कसं आलं? साहेबांनी खोटं सांगितलं नाही. कपाटात तुरटी तापवली गेली होती, आता बंद केलं आहे, असं कळवलं. तुरटी कशाला, असं त्यांनी विचारल्यावर साहेबांचं उत्तर होतं, यंत्रांच्या देखभालीची स्थानिक पद्धत. पाहणी करणाऱ्यांनी भांडी बघितली, आकडे बघितले, लाल रस्त्याकडे बघितलं, परत आकड्यांकडे बघितलं आणि मान डोलावली. यंत्र डिचोलीतच राहिलं. वायरही राहिली.

संध्याकाळी घरी गेले. मांय अंगणात तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, नाही जात पुण्याला. तिने सुपातला खडा उचलून लांब फेकला.

"जातलंस म्हणून मी तुझी खोली सुदीक बघून ठेवलेली. भोपळे ठेवूक," ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब आला तो मला पाठ आहे. नवा फ्रिज बिघडला नाही तेव्हाही तो असाच आला होता. आपल्या तुरटीने काम फत्ते केलं, ह्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मला सांगता आलं असतं. तुमच्या तुरटीने मला जवळजवळ घालवलंच होतं, असं म्हणून आयुष्यभर पुरेल एवढा विजय मला मिळाला असता. असली संधी सुनेला सारखी मिळत नाही. जिभेच्या टोकावर शब्द आले होते. मी आत गेले, नवा आणलेला तुरटीचा खडा पिशवीतून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मांय, ह्यापुढे मशिनींची नको. माझी काढा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खड्याकडे. साहेबांनी तोंड उघडलं हे तिला तिथेच कळलं असणार. ती गुडघे करकर वाजवत उठली, मला न्हाणीच्या चुलीपाशी उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत खडा ओवाळला. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तुरटी निखाऱ्यावर फुगली. मांयने ती चिमट्याने काढून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कोण दिसतं? शेजारीण?"

"नाय."

"मग कोण?"

"आसा कोणतरी म्हातारी," मांय म्हणाली आणि तो तुकडा घाईघाईने पायाखाली चिरडून टाकला. "जा, आमटी कर. आणि तिरफळां घाल, काय ती घालूची तितकी."